शेफरचा घाट आणि दहा बोल्ट

मोआबला जाऊन आलेली मंडळी आपल्या मंडळात कमी नाहीत. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना विषय निघाला, की प्रत्येकाजवळ 'डेलिकेट आर्च'खाली काढलेला फोटो असतोच. शुक्रवारी संध्याकाळी डेन्व्हरहून निघायचं, शनिवारी आर्चेस, रविवारी सकाळी कॅन्यनलँड्सच्या कड्यावरून खाली डोकावायचं, 'अबब' म्हणायचं आणि रात्रीपर्यंत घरी. यात वाईट काहीच नाही. आम्हीही पहिल्या तीन खेपांना असंच केलं. पण त्या कड्यावरून डोकावताना एक बारीक तांबडी रेघ भिंतीला चिकटून नागमोडी उतरताना दिसते आणि तिच्यावरून मुंगीएवढी गाडी चाललेली दिसते. ती रेघ म्हणजे 'शेफर ट्रेल'. या लेखात आपल्याला तिथे उतरायचं आहे. मात्र त्याआधी वाचकांना थोडा वेळ आमच्या ड्राइव्ह-वेवर गाडीखाली आडवं व्हावं लागेल. त्याला इलाज नाही, लेखक मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

आमच्याकडे पिकअप ट्रक आहे. २०१० सालचा, चारही चाकांना ताकद देणारा, मागे उघडा हौदा असलेला. फोनवर पुण्याच्या मावशीला हे प्रथम सांगितलं तेव्हा ती काळजीच्या सुरात म्हणाली, "टेम्पो घेतलास? नोकरी ठीक आहे ना रे?" इथल्या मराठी मित्रांचंही मत फारसं वेगळं नाही. पण लाकूड आणायचं असो, कुणाचं घर हलवायचं असो, नाहीतर गणपतीची आरास वाहायची असो, याच मित्रांचा फोन सर्वांत आधी मला येतो. असो.

ही गाडी घरात एकाच माणसाला मनापासून आवडली, ते म्हणजे अण्णा, माझे वडील. एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत ते फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. आई गेल्यानंतर ते चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. नोव्हेंबरात आम्ही त्यांना इकडे आणलं. मेच्या मध्यावर त्यांचे सहा महिने संपत होते. त्याआधी कायम राहण्याचा अर्ज भरायचा की परतीचं तिकीट काढायचं, हा प्रश्न घरात होता. म्हणजे माझ्या आणि सौ.च्या मनात तो सुटलेला होता. फॉर्म भरून तयार होते, फक्त अण्णांची सही राहिली होती. विषय काढला की ते म्हणायचे, "बघू. थंडी जाऊ दे." आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे. "इकडं माणसं दिसत नाहीत रे, नुसत्या गाड्या दिसतात," असं एकदा म्हणाले, तक्रारीच्या सुरात नव्हे, नोंद करावी तसं.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि अण्णा ड्राइव्ह-वेवर फेऱ्या मारू लागले. एके सकाळी ते आत आले ते तर्जनी पुढे धरूनच. "हुंग," म्हणाले. "गिअर ऑईल आहे. तुझं मागचं हाउसिंग गळतंय."

ज्यांनी गिअर ऑईल हुंगलेलं नाही त्यांना तो वास शब्दांत सांगणं कठीण आहे. कुजका लसूण आणि जळकं रबर यांच्या मधलं काहीतरी समजा. कपड्यांना लागला तर दोन धुण्यांत जात नाही. हा वास गंधकाचा, आणि ते गंधक तिथे मुद्दाम घातलेलं असतं. कशासाठी, ते सांगण्यासाठी डिफरन्शियलबद्दल दोन शब्द लिहायला हवेत.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला घसटतच जावं लागेल. ताकद दोन्हीकडे पोचवायची, पण वेग आपापला ठेवू द्यायचा, ही करामत डिफरन्शियलची. वाफेच्या गाडीसाठी अशी रचना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७-२८ च्या सुमारास केली, म्हणजे मोटारगाडी जन्माला येण्याच्या साठ-एक वर्षं आधी. इंजिनाकडून येणारा लांब दांडा ज्या छोट्या दातेरी चाकात संपतो ते पिनियन, आणि ते ज्या मोठ्या चाकाला फिरवतं ते क्राऊन. पूर्वी पिनियनची रेघ क्राऊनच्या बरोबर मध्यातून जायची. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने ते मध्याच्या खाली घेतलं. त्यामुळे दांडा खाली गेला, गाडीचं बूड खाली आलं आणि दातही अधिक मजबूत झाले. पण एक अडचण आली. असे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. तो दाब साध्या तेलाचा पापुद्रा फाडून टाकतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती दाताच्या पृष्ठभागाशीच रासायनिक संगनमत करून त्याला वाचवतात. वास हा त्या संगनमताचा.

ही सगळी मंडळी मागच्या आडव्या लोखंडी घरात राहतात आणि त्या घराला मागून एक झाकण असतं. आमच्या गाडीच्या झाकणाला दहा बोल्ट. कंपनीचं झाकण म्हणजे दाबून घडवलेला पत्रा. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराईडचं पाणी फवारतात. ते पंधरा वर्षं खालून खात होतं आणि झाकणाचा खालचा ओठ पापडासारखा झाला होता. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचलं, तर खपली पडली.

नवं झाकण आणायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे, ताजं लर्नर्स परमिट खिशात. त्यांना हवं होतं पंख्यांसारख्या उभ्या पट्ट्या असलेलं, चकचकीत काळं, ॲल्युमिनियमचं चपट्या पाठीचं झाकण. मागून येणाऱ्या गाडीला ते दिसतं, हा त्याचा मुख्य गुण. दुसरं होतं जाड ओतीव लोखंडाचं, गोलसर पोटाचं, दिसायला अगदी कढईसारखं. मी दोन्ही मागवली आणि एक परत करायचं ठरवलं. अमेरिकेत राहून एवढं तरी शिकलो आहे. दोन्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडली. सौ.ने फक्त एवढंच विचारलं, की यात पोळ्या कधी करायच्या.

अण्णांनी चपटं झाकण हातात घेतलं, आतून बोट फिरवलं आणि नातवाला विचारलं, "तेल फिरणार कुठून?"

"बट आजोबा, यात तेल जास्त मावतं! आणि फिन्समुळे कूल राहतं."

"मावतं खरं. पण फिरणार कुठून?" मग त्यांनी ताकाचं भांडं मागितलं. "रवी फिरते ती गोल भांड्यात. चौकोनी डब्यात ताक घुसळून बघ. नुसता फेस येईल आणि अंगावर उडेल." (आमच्याकडे ताक मिक्सरमध्ये होतं हे सौ.ने सांगितलं, त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.) क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. फिरताना तो तेल उचलून झाकणाच्या पोटावरून गोल नेतो आणि वरून पुढे पिनियनच्या बेअरिंगवर फेकतो. आत पंप नाही, नळी नाही, जे काही आहे ते हे फेकणंच. मागची भिंत गोल असेल तर तेल वळून पुढे जातं. सपाट असेल तर आपटून मागे येतं, त्यात हवा मिसळते, फेस होतो, आणि फेस दातांना वाचवत नाही.

मी हे इथे आत्मविश्वासाने लिहितो आहे याचं कारण अण्णांवरची भक्ती एवढंच नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातले नामांकित इंजिनवाले गेल बँक्स यांनी चाचण्या घेऊन नेमकं हेच दाखवलं, की सपाट पाठीची झाकणं तेलाचा प्रवाह मोडतात. अर्थात बँक्स स्वतःही गोल झाकणं विकतात, त्यामुळे चिमूटभर मीठ टाकूनच घ्यायला हवं. पण अण्णांना कुणालाच काही विकायचं नव्हतं. पंख्यांच्या पट्ट्यांबद्दल माझं मत विचाराल तर असं, की हायवेवर जड ट्रेलर ओढणाऱ्याला त्यांचा थोडा उपयोग होत असेल. खडकातून ताशी तीन मैलांनी जाणाऱ्या गाडीला वारा लागणार कुठून? आणि दगडावर आपटलं तर पातळ ॲल्युमिनियमला तडा जायचं भय. कढई निवडली. चिरंजीव दोन दिवस रुसले.

शनिवारी सकाळी काम काढलं. सौ.ची अट अशी, की अण्णांनी गाडीखाली जायचं नाही, त्यांनी स्टुलावर बसून बॅटरी धरायची. ही अट सुमारे वीस मिनिटं पाळली गेली. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून शहात्तर वर्षांचे अण्णा खाली सरकले आणि दुपारी दोन वाजेपर्यंत बाहेर आले नाहीत.

गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली, पुढच्या चाकांना उटी लावली. मी झाकणाच्या बोल्टला पाना लावणार, इतक्यात अण्णांनी मनगट धरलं. "आधी भरायचं बूच उघडतं का बघ. झाकण काढून तेल सांडून बसलास आणि ते बूच उघडलंच नाही, तर गाडी जागेवरच." साधी गोष्ट, पण हाच क्रम या कामाचा प्राण आहे. भरायचं बूच हाउसिंगच्या अंगावर असतं, त्यात चौकोनी भोक आणि त्यात पंधरा वर्षांचा गंज. मी लांब दांडा शोधू लागलो. अण्णांनी गंजावर उतरणारं तेल मारलं, हातोडीने बुचाच्या कडेने हलके हलके ठोकलं आणि चहा मागवला. "लोखंडाला वेळ द्यावा लागतो." चहा संपल्यावर बूच सुटलं.

मग खालून वर बोल्ट काढत गेलो. वरचे दोन थोडे सैल करून तसेच ठेवले, म्हणजे झाकण तोंडावर पडत नाही. खालून पातळ पटाशी सारली, फट झाली आणि तो सुगंध अख्ख्या गल्लीत पसरला. शेजारचे अमेरिकन आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, ते थांबले. कुत्रा मात्र पुढे गेला.

झाकण निघाल्यावर आतलं यंत्र पाहणं हा मला अजूनही सोहळा वाटतो. सोनेरी तेलात न्हालेलं क्राऊन, दातांवर दर्पणासारखी झिलई. तळाच्या लोहचुंबकावर काळी मऊ लुगदी होती. अण्णांनी ती बोटांत चोळून पाहिली. लुगदी असणं हे नैसर्गिक झीजेचं लक्षण, त्यात कण किंवा तुकडा सापडला तर मात्र दुखणं मोठं. तुकडा नव्हता. त्यांनी एका दातावर खडूची खूण केली, नातवाला चाक हाताने हळू फिरवायला सांगितलं आणि प्रत्येक दात बोटाने तपासत मोजला. "एक्केचाळीस," ते खालून ओरडले. पिनियनचे अकरा. म्हणजे ३.७३. गाडीच्या कागदावर हाच आकडा होता, पण मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही जुनी शिस्त.

पुढचा तास घासण्यात गेला. जुन्या सीलंटचा कणही राहता कामा नये, पण लोखंडावर ओरखडाही नको, म्हणून प्लास्टिकची खरवडणी. आत कचरा पडू नये म्हणून चिंधी कोंबलेली. मग ब्रेक क्लीनरने दोन्ही कडा कोरड्या केल्या. सीलंटची रेघ चिरंजीवांनी ओढली, प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतून वळसा घालत, केकवर आयसिंग करावं तशी. त्यांचा रुसवा इथे गेला. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे जाड कागदाचं पॅकिंग कापायचो. हे बरंय, टूथपेस्टसारखं." दहा बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी टॉर्क रेंचने तीसेक फूट-पौंडांवर. रेंचचा 'कट्' आवाज आला की अण्णा मान डोलवत. त्यांना तो आवाज आवडला, पण मनगटाला कळतं ते खरं, असं त्यांचं मत कायम राहिलं.

एक बारकावा सांगतो, कारण तो सूचनापत्रात बारीक अक्षरात असतो. नव्या झाकणाला स्वतःचं भरायचं भोक असतं आणि ते बहुधा जुन्यापेक्षा उंच असतं. तिथवर भरलं तर तेल जास्त होतं आणि जास्त तेलही फेसाळतं. पातळी हाउसिंगच्या मूळ भोकापाशीच पाहायची. अण्णांनी दुसऱ्या दिवशी, सीलंट घट्ट बसल्यावर, करंगळी आत घालून एका पेरावर तेल लागतं का पाहिलं. शिवाय वर जी छोटी श्वासाची नळी असते ती फुंकून मोकळी केली. तापलेलं हाउसिंग एकदम थंड पाण्यात शिरलं, की आतली हवा आकसते. नळी बुजलेली असेल तर ते सीलमधून पाणी ओढतं आणि तेलाचा चहा होतो. ही नळी पुढे कामाला आली.

त्या रविवारी रात्री अण्णा दोन पोळ्या जास्त जेवले आणि साडेनऊला झोपले. सौ. मला म्हणाली, "आता विचारून बघ सहीचं." मी म्हटलं, मोआबला जाऊन येऊ, मग विचारतो. एवढं मोठं, एवढं सुंदर काही पाहिलं की त्यांचंही मन इथे रमेल, असा माझा हिशेब होता.

एप्रिलच्या शेवटी निघालो. डेन्व्हर ते मोआब साडेतीनशे मैल. अकरा हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा (१९७३ सालचा) आणि ग्लेनवुड कॅन्यनमधून नदीच्या अंगावर टांगलेला, १९९२ मध्ये पूर्ण झालेला रस्ता, या दोन्हींवर स्वतंत्र लेख होतील. अण्णांना बोगद्यापेक्षा त्यानंतरचा सात टक्क्यांचा उतार आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला काढलेल्या वाळूच्या चढणी आवडल्या. "खंबाटकीला अशी सोय पाहिजे होती," म्हणाले.

युटात शिरल्यावर सरळ मोठ्या रस्त्याने जाऊ नका. सिस्कोपाशी उतरून १२८ नंबरचा रस्ता घ्या, तो कोलोरॅडो नदीला धरून मोआबपर्यंत नेतो. सिस्को हे जवळजवळ ओसाड गाव, पण त्याची एक गोष्ट आहे. चार्ली स्टीन नावाचा टेक्ससचा भूगर्भशास्त्रज्ञ बायकामुलांना घेऊन कफल्लक अवस्थेत इथे युरेनियम शोधत होता. १९५२ साली मोआबच्या आग्नेयेला ड्रिल करताना त्याचं यंत्र दोनशे फुटांच्या अलीकडेच मोडलं. वर आलेला काळा दगड त्याने सिस्कोला आणला. तिथल्या पेट्रोल पंपावर मित्राचा गायगर काउंटर होता. दगड जवळ नेताच काटा पार टोकाला गेला. त्या खाणीला त्याने 'मी विदा' नाव दिलं, स्पॅनिशमध्ये 'माझं जीवन'. तो कोट्यधीश झाला, टेकडीवर बंगला बांधला (पुढे तिथे उपाहारगृह झालं), आणि पुढच्या आयुष्यात सगळं गमावूनही बसला. मोआब गाव त्याच गर्दीत वाढलं. आज तुम्ही-आम्ही ज्या रस्त्यांवर हौसेने गाड्या घालतो त्यांतले बरेचसे त्या काळात खनिज वाहायला काढलेले आहेत. गावाच्या वेशीवर, अगदी नदीकाठी, युरेनियम गिरणीच्या राखेसारख्या गाळाचा ढीग पडून होता, १ कोटी ६० लाख टनांचा. २००९ पासून तो रेल्वेने तीस मैलांवर क्रेसेंट जंक्शनला नेऊन पुरायचं काम सुरू झालं. अण्णांनी हिशेब विचारला, एका फेरीत किती टन, दिवसाला किती फेऱ्या. देखाव्यापेक्षा त्यांना हे जास्त पटत होतं.

वाटेत 'अनियन क्रीक'मध्ये गाडी घातली. तांबड्या-जांभळ्या मातीच्या सुळक्यांमधून हा कच्चा रस्ता जातो आणि तोच ओढा वीस-बावीस वेळा ओलांडतो. पाणी एरवी घोट्याएवढं, पण पावसात भरवसा नाही. ओढ्याला कांद्याचं नाव का, ते थोड्या वेळाने कळतं. वर एक खनिज झरा आहे आणि त्याला गंधकाचा वास येतो. अण्णांनी काच खाली घेतली, नाक वर केलं आणि घाबरून म्हणाले, "थांब, थांब! गळतंय!" चिरंजीव खाली उतरून वाकून पाहून आले. झाकण कोरडं ठणठणीत. झऱ्याची हकिकत सांगितली तेव्हा अण्णा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कॅन्यनलँड्सला, 'आयलंड इन द स्काय'वर पोचलो. शेफर ट्रेल तिथून सुटतो. मुळात ही आदिवासींची पायवाट, मग मेंढपाळांची आणि गुरं पाळणाऱ्या शेफर कुटुंबाची वाट. १९५० च्या दशकात युरेनियमचे ट्रक जावेत म्हणून ती रुंद केली. १९६४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि वाट आपल्याला मिळाली. सुमारे १,५०० फूट उतार, एका गाडीची रुंदी, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडाही नाही. सौ.ने डोळे मिटून घेतले आणि 'झालं की सांगा' म्हणाली.

"लोमध्ये टाक," अण्णा म्हणाले, "आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." आमचा पहिला गिअर ४.१७, 'लो'चा २.६४ आणि मागचा ३.७३. गुणाकार केला तर ४१ येतो. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला इंजिन एक्केचाळीस वेळा फिरतं. क्राऊनचे दातही एक्केचाळीसच, हा निव्वळ योगायोग, पण अण्णांना तो फार आवडला. दीड हजार आर.पी.एम.ला गाडी ताशी साडेतीन मैलांनी, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी, स्वतःहून उतरत होती. ब्रेक थंड. अण्णा नातवाला समजावत होते, की चढावर इंजिन दाताच्या एका बाजूने ढकलतं आणि उतारावर गाडीच इंजिनाला ढकलते, तेव्हा दाताची उलटी बाजू काम करते. ती बाजू जरा नाजूक, म्हणून उतारावर आवाज ऐकत जायचं. आम्ही चौघंही आवाज ऐकत होतो. सौ. डोळे मिटून.

मधल्या एका रुंद वळणावर खालून दोन जीपा येताना दिसल्या. घाटात चढणाऱ्याचा मान पहिला, हा नियम इथेही आहे. भिंतीला चिकटून थांबलो, इंजिन बंद केलं. अशी शांतता आपल्याला फार क्वचित मिळते. खाली पांढरट खडकाची किनार, तिच्याखाली पुन्हा दरी, आणि तिच्या तळाशी न दिसणारी नदी. मला वाटलं, आता विचारावं. त्याआधी अण्णाच बोलले.

"तिकीट काढ. बारा-तेरा मेचं बघ."

मी म्हटलं, "अण्णा, फॉर्म तयार आहेत. इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. सूनबाई चांगली, नातू गुणी. पण मार्चात एक दिवस गाडीखाली झोपलो. त्याआधी चार महिने मी काय केलं, सांग." मी गप्प. "आता पुढचं हाउसिंग गळेपर्यंत वाट बघत बसू का?"

चिंचवडला तेवढ्याने काय होणार, तिथेही एकटेच ना, हे मी बोललो. ते म्हणाले, खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या रिक्षाचं काम अर्धं ठेवून आलोय, सोसायटीच्या पंपाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि सकाळी कट्ट्यावर चौघं वाट पाहतात. "एकटा कुठे आहे?" सौ.ने डोळे उघडले होते. ती मागून म्हणाली, "अण्णा, हिवाळ्यात नको, पण दर उन्हाळ्यात याल?" "गाडी बिघडवून ठेवा, येतो," ते म्हणाले. तेवढ्यात जीपा आल्या. पहिल्या जीपमधल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी हात वर करून आभार मानले. अण्णांनी त्यांना सॅल्यूट ठोकला.

उरलेला उतार कसा संपला ते मला नीट आठवत नाही. पोटॅश रोडच्या फाट्यावर थांबलो. अण्णांनी मागे जाऊन झाकणावर तळहात ठेवला. कोमट होतं, हात ठेवता येत होता. खालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं. पुढे या रस्त्यावर निळ्याशार पाण्याचे चौकोन दिसतात. ते तलाव नव्हेत. खोल खाणीत पाणी सोडून विरघळवलेलं पोटॅश तिथे उन्हात आटवतात आणि ऊन जास्त शोषावं म्हणून पाण्यात निळा रंग घालतात. आधी इथे माणसं खाली उतरून खोदायची. ऑगस्ट १९६३ मध्ये स्फोट होऊन १८ कामगार गेले. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आम्ही तिथून निघेपर्यंत हातातच धरली.

तिकीट तेरा मेचं मिळालं. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहेत. चपट्या झाकणाचे पैसे परत आले, त्यात चिरंजीवांनी स्वतःसाठी टॉर्क रेंच घेतला.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस बरे. ईस्टरच्या सुमारास 'जीप सफारी' असते (१९६७ पासून), तेव्हा गावात खोली मिळणं मुश्किल. शेफर ट्रेलला उंच बुडाची, 'लो' असलेली गाडी हवी. मिनीव्हॅन नेऊ नये. पाऊस किंवा बर्फ झाल्यास रस्ता बंद असतो, आदल्या दिवशी उद्यानाच्या कचेरीत चौकशी करावी. वर पाण्याची टंचाई असते, तेव्हा माणशी किमान चार लिटर पाणी गावातूनच भरून न्यावं. पेट्रोलही तिथेच. आणि निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा गाडीखाली वाकून मागच्या हाउसिंगच्या ओठावरून बोट फिरवावं.